बेंगाल मांजर: ठिपके कुणाचे, स्वभाव कुणाचा?

बेंगाल मांजराचा फोटो पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: हे अंगावर येत नाही ना? प्रश्न रास्त आहे. सोनेरी अंगावर काळ्या कडांची फुलं, पोटावरसुद्धा ठिपके, शेपटीला काळं टोक आणि चालताना आळीपाळीने वर येणारे खांदे. बिबट्याचा बछडाच कुणी सोफ्यावर आणून बसवलाय असं वाटतं. मग मनात आपोआप हिशेब जुळतो की दिसायला रानटी, म्हणजे आतूनही रानटीच असणार. हा हिशेब चुकीचा आहे. त्याला घाबरणारे चुकतात आणि ‘घरात छोटा बिबट्या हवा’ म्हणून ते हौसेने आणणारेही चुकतात. यातल्या दुसऱ्या चुकीची किंमत मांजराला मोजावी लागते, म्हणून हे जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

बेंगालमध्ये बिबट्याचं रक्त नाही आणि वाघाचं तर नाहीच. तिचा रानटी पूर्वज म्हणजे आशियातलं एक छोटं रानमांजर, लेपर्ड कॅट. ते घरच्या मांजराएवढंच असतं, फक्त पाय जरा लांब आणि डोळे मोठे. भारतापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंतच्या जंगलांत ते राहतं. मराठीत त्याला वाघाटी म्हणतात, पण तेच नाव आपण तांबूस ठिपक्यांच्या आणखी एका चिमुकल्या रानमांजरालाही लावतो. गोंधळ नको म्हणून इथे मी त्याला बिबटमांजर म्हणते. त्याचं शास्त्रीय नाव प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस. त्यातल्या ‘बेंगालेन्सिस’वरून या पाळीव जातीला बेंगाल हे नाव मिळालं.

घरचं मांजर आणि बिबटमांजर हे चुलत भाऊ म्हणावेत तर फार लांबचे. त्यांच्या वाटा साठेक लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. माणूस आणि चिंपांझी यांची फारकतही साधारण त्याच काळातली. एवढं अंतर असूनही दोघांमध्ये गुणसूत्रं ३८च आहेत, त्यामुळे संकर होऊ शकतो. होतो, पण सुरळीत नाही. पहिल्या काही पिढ्यांतल्या माद्यांना पिल्लं होतात, नर मात्र वांझ निघतात. दोन प्रजातींच्या संकरात एखादं लिंग वांझ किंवा दुबळं निघालं तर ते बहुधा ज्याची लिंग-गुणसूत्रं दोन वेगळी असतात तेच असतं, असा नियम जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला होता. सस्तन प्राण्यांत ते म्हणजे नर. (हेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) म्हणून बेंगालची पैदास सुरुवातीला फक्त माद्यांच्या बळावर पुढे सरकली: संकरित भाटी आणि घरगुती बोका, त्यांची लेक आणि पुन्हा घरगुती बोका.

या पिढ्या मोजायला एफ-१, एफ-२ असे आकडे वापरतात. एफ-१ म्हणजे थेट बिबटमांजराचं पिल्लू, त्यात रानटी वाटा निम्मा. एफ-२ मध्ये पाव, एफ-३ मध्ये साडेबारा टक्के, एफ-४ मध्ये सव्वासहा. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एफ-२ पासून पुढे प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला काय येईल ते फासे टाकल्यासारखं असतं, एकाच वेतातल्या दोन भावंडांत फरक पडतो. एफ-१ ते एफ-३ या पिढ्या पायाभरणीच्या मानल्या जातात. घरात पाळायचं आणि प्रदर्शनात उतरवायचं बेंगाल एफ-४ किंवा त्याच्या पुढचं असतं. आज जगभर घराघरांत दिसणारी बेंगाल मांजरं याहून कितीतरी पिढ्या पुढची आहेत. त्यांचे आईवडील बेंगाल, आजीआजोबा बेंगाल, पणजीपणजोबाही बेंगाल.

या जातीमागे एका बाईंचा हट्ट आहे. अमेरिकेत जीन मिल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बिबटमांजराची एक मादी पाळली होती. त्या काळी अशी पिल्लं सर्रास विकली जात. ती एकटी पडू नये म्हणून त्यांनी तिच्यासोबत एक काळा घरगुती बोका ठेवला आणि पिल्लू झालं. मात्र पतीच्या निधनानंतर त्यांचं हे काम कित्येक वर्षं थांबलं. १९८०च्या सुमारास ते पुन्हा सुरू झालं ते एका वेगळ्याच निमित्ताने. कॅलिफोर्नियातले डॉ. विलर्ड सेंटरवॉल मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूवर संशोधन करत होते आणि त्यासाठी त्यांनी बिबटमांजराचे संकर केले होते. काम झाल्यावर त्या पिल्लांना घर हवं होतं. मिल यांनी त्यातल्या काही माद्या घेतल्या.

आता बोका कुठून आणायचा? १९८२ मध्ये मिल दिल्लीत होत्या. तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात एक भटका बोका राहायचा. रंग गडद नारिंगी, अंगावर ठळक ठिपके, आणि केस असे की उन्हात सोन्याची भुकटी शिंपडल्यासारखे चमकायचे. तो अमेरिकेला गेला, त्याचं नाव टोरी ठेवलं गेलं आणि आजच्या अनेक बेंगाल मांजरांच्या वंशावळीच्या मुळाशी तो आहे. १९८६ मध्ये द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन, म्हणजेच टिका, या संस्थेने बेंगालची नोंद सुरू केली आणि १९९१ मध्ये या जातीला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरता येऊ लागलं. रानटी मांजरांच्या कातड्याचे कोट घालायची हौस लोकांनी सोडावी, त्याऐवजी तसंच दिसणारं जिवंत मांजर मांडीवर घ्यावं, अशी मिल यांची इच्छा होती. हा हेतू मला आजही मोलाचा वाटतो.

टोरीची गोष्ट मी लांबवून सांगितली, कारण बेंगालच्या रूपाचं रहस्य त्यातच दडलंय.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी शेकडो बेंगाल मांजरांच्या जनुकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजच्या बेंगालमध्ये बिबटमांजराचा वाटा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. ज्या रूपावरून आपण याला रानटी म्हणतो ते रूप मुख्यत्वे घरगुती मांजरांमध्ये आधीपासूनच असलेल्या जनुकभेदांतून घडलेलं आहे. ते भेद साध्या मांजरांत विखुरलेले होते. पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या सगळ्यांत ठिपकेदार, सगळ्यांत झळाळणारी पिल्लं निवडली आणि ते भेद एका अंगावर गोळा होत गेले. ‘ग्लिटर’ नावाने ओळखली जाणारी केसांची चमकही घरगुती मांजराकडूनच आली. म्हणजे जे ठिपके पाहून आपण दचकतो ते बऱ्याच अंशी गल्लीतल्या मांजरांचं देणं आहे.

हे कसं शक्य आहे, ते समजायला आपल्या ओळखीचं पट्ट्यापट्ट्यांचं मांजर डोळ्यांपुढे आणा. त्याच्या अंगावर गडद आणि फिकट अशा दोन प्रकारच्या जागा असतात. कुठली जागा गडद होणार हे पिल्लू आईच्या पोटात असताना, अंगावर केस येण्याच्याही आधी ठरतं. गर्भाच्या त्वचेत एक जनुक काही ठिकाणी जास्त काम करतो, काही ठिकाणी कमी, आणि त्वचेवर जणू अदृश्य रांगोळी रेखली जाते. नंतर तिथे केस उगवतात तेव्हा त्या रेषांनुसार रंग भरला जातो. इतर काही जनुकांमुळे रेषा सलग राहिल्या की पट्टे, तुटल्या की ठिपके, पसरून एकमेकींत मिसळल्या की भोवरे. हे सगळे प्रकार साध्या मांजरांत पाहायला मिळतात. बेंगालमध्ये ठिपके मोठे होतात आणि आतून उजळतात, म्हणजे गडद कडा आणि मधे तांबूस रंग. यांना रोझेट म्हणतात. गंमत अशी की खुद्द बिबटमांजराच्या अंगावर बहुतेक साधे भरीव ठिपकेच असतात. उठावदार रोझेट ही बिबट्या-जग्वारची खूण. त्यामुळे काही बेंगाल मांजरं आपल्या खऱ्या रानटी पूर्वजापेक्षा, ज्याच्याशी काही जवळचं नातंच नाही त्या बिबट्यासारखी जास्त दिसतात!

दुसरी नक्षी ‘मार्बल’ची. त्यात ठिपक्यांऐवजी आडवे वाहणारे भोवरे असतात, संगमरवरातल्या रेषांसारखे. हीही घरगुती मांजराचीच देणगी. रंग म्हणाल तर तपकिरी-सोनेरी सगळ्यांत जास्त, मग रुपेरी, निळसर राखाडी आणि ‘स्नो’ म्हणजे हिमरंगी. हिमरंगी पिल्लं जन्मतः जवळपास पांढरी असतात आणि नक्षी हळूहळू उमटत जाते. त्यांच्यातला रंग तयार करणारा घटक थंडाव्यातच नीट काम करतो आणि आईच्या पोटात तर ऊबच ऊब. हा गुण सयामी आणि बर्मी मांजरांकडून आलेला.

मग बिबटमांजराचं काही उरलंच नाही का? उरलंय. ‘चारकोल’ नावाच्या रंगछटेत चेहऱ्यावर काळा मुखवटा आणि पाठीवर रुंद काळा पट्टा दिसतो. एका बाजूने बिबटमांजराचा आणि दुसऱ्या बाजूने घरगुती मांजराचा, असे एकाच जनुकाचे दोन न जुळणारे अवतार एकत्र आले की ही छटा येते. साठ लाख वर्षांची फारकत तिथे उघड्या डोळ्यांना दिसते.

अंगकाठीकडे पाहिलं तर बेंगाल लांब, पिळदार आणि वजनदार असते. बोका साधारण साडेचार ते सात किलोंचा, भाटी त्याहून हलकी. मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित उंच, त्यामुळे चाल दबकत शिकारीला निघाल्यासारखी. डोकं अंगाच्या मानाने लहान, कान छोटे आणि टोकाला गोलसर, मिशांच्या मुळाशी गाल फुगीर. काहींच्या कानांच्या मागे फिकट ठसा असतो, अंगठा उमटवल्यासारखा. तो अनेक रानमांजरांत आढळतो. अंगावरून हात फिरवल्यावर जाणवणारा मऊपणा शब्दांत सांगणं अवघड आहे. केस आखूड, दाट आणि अंगाला चिकटून, अगदी रेशमी.

आता स्वभाव. ‘रानटी’ म्हटलं की आपण हिंस्र समजतो, सगळा घोटाळा तिथे होतो. बिबटमांजर माणसावर चाल करून येत नाही. ते माणसाला टाळतं. ते निशाचर आहे, एकटं राहतं आणि बुजरं आहे. त्याच्या रानटीपणाचा गाभा म्हणजे भीती. एफ-१ पिल्लं घरात ठेवणाऱ्यांना हेच सोसावं लागतं. मांजर कपाटामागे बसून राहतं, एकाच माणसाला जवळ येऊ देतं, पाहुणे आले की दिसेनासं होतं, वाळूच्या ट्रेऐवजी भलतीकडेच जातं. हल्ला करतं ते कोंडीत सापडल्यावर, जसं कुठलंही घाबरलेलं जनावर करतं. अशा मांजराला सांभाळणं सर्वसाधारण घराचं काम नाही, आणि माझ्या मते कुणी हौसेखातर ते करूही नये. शोभेची वस्तू म्हणून आणलेल्या त्या जिवाचं आयुष्य लपण्यात जातं.

माणसाजवळ राहिलं की कुठलंही मांजर आपोआप माणसाळतं असंही नाही. चीनच्या शेन्शी प्रांतातल्या एका नवाश्मयुगीन वस्तीत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडं सापडली. आधी ती घरगुती मांजराची वाटली होती, पण नंतरच्या तपासणीत ती बिबटमांजराची निघाली. म्हणजे धान्याच्या आसपासच्या उंदरांसाठी हे जनावर माणसाच्या दारापर्यंत आलं होतं. तरी आजची पाळीव मांजरं त्याची वंशज नाहीत, ती पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या दुसऱ्याच रानमांजराची आहेत.

बेंगालमध्ये ही भीती पिढ्यान्पिढ्या गाळली गेली. घाबरट आणि चावरी पिल्लं पैदाशीतून वगळायची, माणसाकडे आपणहून येणारी ठेवायची, असं केल्यावर चार-पाच पिढ्यांनी उरतं ते मनाने घरगुती मांजर. तुमच्या मागे मागे खोलीखोलीत फिरणारं, कपाट उघडलं की आत डोकावणारं, हाक मारली की उत्तर देणारं.

पण घरगुती म्हणजे शांत नव्हे. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात साडेपाच हजारांहून जास्त मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांत चळवळ्या जातींमध्ये बेंगाल होती. तिच्या पायाला भिंगरी असते. दाराच्या वरच्या कडेवर बसणं, पडद्यावरून छताकडे जाणं, दिव्याचं बटण दाबायला शिकणं, कडी उघडणं, नळाखाली पंजा धरून पाण्याशी खेळणं हे सगळं तिचं रोजचं. बऱ्याच बेंगाल मांजरांना पाण्याची भीती वाटत नाही, घरात माशांची टाकी असेल तर झाकण घट्टच हवं. आवाजही भरपूर: साधं म्याव, पक्ष्यासारखी चिवचिव, घशातली घुरघुर आणि जेवायला उशीर झाला तर मोठ्याने तक्रार. चेंडू आणून देणं, पट्टा घालून फिरणं, शब्दांना प्रतिसाद देणं ती चटकन शिकते.

हा उत्साह बरेच लोक रानटीपणा समजतात. भीती आणि उत्साह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. दिवसभर रिकाम्या खोलीत एकटी राहिलेली बेंगाल संध्याकाळी घोट्याला चावते, कारण तिने दिवसभरात शिकार केलेली नसते आणि तुमचा घोटा ही घरातली एकमेव हलणारी वस्तू असते. तिला रागावून किंवा पाण्याचा फवारा मारून काही साधत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसामागे मनसोक्त पळवा, शेवटी ते पकडू द्या आणि मग खायला द्या. शोध, पाठलाग, पकड, जेवण, झोप असा तिचा क्रम आहे. तो पूर्ण झाला की तेच मांजर तुमच्या पायाशी मुटकुळं करून झोपतं. चढायला उंच जागा, खरडायला मजबूत खांब, खाऊ शोधून काढायला लावणारी खेळणी हे सगळं तिच्या गरजेचंच आहे. बाहेर मोकळं सोडणं मात्र टाळावं. ती शिकारीत तरबेज असते आणि आसपासच्या पक्ष्यांचा, सरड्यांचा विचारही आपणच करायला हवा. शिवाय आपल्या हद्दीबद्दल ती आग्रही असते. शेजारच्या मांजरांशी भांडणं होतात, आणि नसबंदी न केलेली मांजरं, विशेषतः बोके, भिंतींवर मूत्राचा फवारा मारून हद्द आखतात. वेळेवर नसबंदी केली की हा त्रास बराच कमी होतो.

दोन दाव्यांबद्दल सावध राहा. एक, बेंगालची ॲलर्जी होत नाही. ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेत तयार होतं. केस आखूड असले तरी मांजर स्वतःला चाटतंच, त्यामुळे ते सगळीकडे पसरतंच. दुसरा दावा, संकरित म्हणून जास्त काटक. या जातीत डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार आहे, ज्यात लहान वयातच नजर मंदावत जाते. तांबड्या रक्तपेशींना कमकुवत करणाऱ्या एका एन्झाइमची कमतरताही आढळते. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आला तरच हे दोन्ही आजार होतात आणि दोन्हींसाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. पिल्लू देणाऱ्याकडे आईवडिलांचे चाचणी अहवाल मागायला संकोच करू नका. तो ते दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजारही बेंगालमध्ये दिसतो. त्यासाठी पशुवैद्यांकडून अधूनमधून तपासणी हवी.

पिल्लू पाहायला गेलात तर एक गोष्ट गोंधळात टाकेल. तीन-चार आठवड्यांच्या वयात बेंगालच्या पिल्लांच्या अंगावर लांब, राखाडी, विस्कटलेले केस येतात आणि जन्मतः ठळक असलेली नक्षी धुक्याआड गेल्यासारखी होते. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत ती पूर्णपणे परत येत नाही. म्हणजे बहुतेक लोक ज्या वयाचं पिल्लू पाहायला जातात त्याच वयात ते सगळ्यांत कमी देखणं दिसतं. पण पिल्लू माणसाला किती जवळ करणार हे ठरवणारा काळ, जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांचा, तोवर होऊन गेलेला असतो आणि त्याचा परिणाम स्पष्ट दिसत असतो. म्हणून ठिपके शोधत बसू नका. जमिनीवर बसा, हात सैल ठेवा आणि थांबा. कोणतं पिल्लू आधी येऊन तुमची बोटं हुंगतं, कोणतं भावंडाच्या आड जातं, कोणाला उचलल्यावर अंग ताठ होतं, ते पाहा. आणि जमलं तर आईला भेटा. अनोळखी माणूस आपल्या पिल्लांजवळ बसलेला असताना ती निवांत पाय पसरून पडून राहिली, तर घरात कसं मांजर येणार याचा अंदाज तिच्याकडे बघूनच येईल.